मीटरखालचा डबा अन् माझा वात

आमचे मालक माणिकप्पा. जळकोटच्या शाळेत तीस वर्षं घंटा वाजवली, तेव्हापासनं त्यांना वाटतं, जग आपल्याच टोल्यावर चालतं. घरातलं कुठलं काम दुसऱ्याला करू द्यायचे न्हाईत. मी शिवकांता, त्यांची बायको, त्यांच्या हाताखाली पक्कड धरून उभी.

परवा आमच्या लेकीचा, करिश्माचा, धाराशिववरनं फोन आला. तिची पोरगी रांगाय लागली, दिसंल त्याला हात लावती. "अप्पा, शॉक लागायच्या आत लाईट तोडणारा डबा बसवा. तो नीट चालला तरच पोरीला घेऊन येईन." बारशानंतर नातीचं तोंड म्या बघितलं नव्हतं. मालकांनी उमरग्याच्या धम्मपाल वायरमनला बोलावून मीटरखाली डबा बसवला. जाताना तो म्हणला, "काका, महिन्याला हे टेस्टचं बटण दाबत जावा. लाईट गेली तर समजायचं, डबा शाबूत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच खटकन लाईट गेली. खटका वर केला, परत पडला. न्हाणीतला हीटर काढला, तरी पडला. फ्रिज, मिक्सर, मोटार, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. दुपारी मात्र काहीबी लावा, डबा ढिम्म. कसला ताळमेळच लागंना. सोमवारी मालक उमरग्याला गेले, तर दिवसभर एकदाबी पडला न्हाई. म्या म्हणलं, "डब्याला तुमचंच वावडं दिसतंय." दोन दिवस बोलले न्हाईत माझ्याशी.

तिसऱ्या दिवशी पक्कड घेऊन उठले. "डबाच भिकार हाय. काढतो अन् थेट वायर जोडतो."

म्या डब्याच्या आडवी उभी राहिले. "माझी नात यायची हाय. हात लावून तर बघा."

धम्मपालला परत बोलावलं. सकाळच्याच वेळी. त्यानं बटण दाबलं, लाईट गेली. "काकू, डबा ठणठणीत हाय. करंट कुठंतरी भलत्या वाटंनं जातोय." सगळं बंद करून एकेक लावत गेला. काहीच होईना. त्यालाबी घाम फुटला. तेवढ्यात मालक आंघोळ करून, विभूती लावून देवापुढं बसले अन् पूजेपुरता तेच लावायचे तो देव्हाऱ्यातला बल्ब लावला. खटकन.

बल्ब बंद, डबा टिकला. बल्ब चालू, डबा पडला.

धम्मपालनं बल्बाची दुसरी वायर धरली अन् मागं मागं गेला. भिंतीतनं ती निघाली थेट परसात, मोरीजवळच्या लोखंडी रॉडला. बारा वर्षांमागं खांबावरची, करंट माघारी नेणारी न्यूट्रलची तार तुटली होती, आठ दिवस कुणी फिरकलं न्हाई. तवा मालकांनी रॉड ठोकून, वायर त्याला जोडून, तारेऐवजी जमिनीवरच बल्ब पेटवला. गल्लीत सगळ्यांनीच केलं होतं तसं. पुढं तार जोडली, पण मालक म्हणले, चालतंय तर कशाला हलवायचं. अन् मला सांगितलं, "भांडी तिथंच घासत जा. रॉडला ओल राहिली की बल्ब लख्ख पेटतो."

"काका, बल्बातला करंट तारेनं माघारी यायचा सोडून जमिनीत चाललाय," धम्मपाल म्हणला. "डबा रोज तेच सांगत होता. उन्हाळ्यात जमीन सुकली की तिथं ओल्या पायानं मुंग्या येत्याल. एखाद्या दिवशी जीवबी जाईल."

मुंग्या. दर उन्हाळ्यात म्या सांगायची, भांडी घासताना पायाला मुंग्या येत्यात. मालक म्हणायचे, तुला वात हाय. अन् रोज संध्याकाळी आपल्या हातानं तेल चोळायचे. मला राग यावा का रडू, तेच कळंना.

मालकांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. वायर तोडली, रॉड एकट्यानं उपटला.

रविवारी करिश्मा आली. पोरगी खाली सोडली तशी भरभर मोरीकडं रांगत निघाली. मालक तिच्या पुढं पळाले, चपला काढल्या अन् रॉडच्या जागी, ओल्या चिखलात, अनवाणी उभे राहिले. बराच वेळ. मग माझ्या पायांकडं बघत म्हणले, "काही न्हाई लागत. येऊ दे तिला."