टायपिस्ट बाईंचं घड्याळ

पाथर्डीच्या कचेरीबाहेर एक बाई दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायच्या. मी समोरच्याच बँकेत होतो. पायात रक्ताची गाठ झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना सलग बसायला मनाई केली होती. म्हणून त्यांनी मनगटावर डिजिटल घड्याळ बांधलं. दर तासाला ते वाजलं, की ओळ अर्धवट सोडून त्या उठायच्या आणि एसटी स्टँडपर्यंत चालून यायच्या.

एकदा विहिरीच्या वाटणीचा अर्ज करायला आलेला म्हातारा कळवळला, “बाई, सायेब उठतील! लई घाई हाय.”

“घाई तुमची, पाय माझा,” त्या हसल्या. “चला बाबा, चालता चालता सांगा काय झालं ते.”

टेबलापुढे अडखळणारा म्हातारा रस्त्याने हातवारे करत भडाभडा बोलत गेला. परतल्यावर बाईंनी एका दमात अर्ज संपवला. साहेब अजून जागेवरच होते.