बॅटरी कडुलिंबाखाली होती

या ग्रुपवर लोक पिंपळावरच्या बाईचे, हायवेवर लिफ्ट मागणाऱ्याचे किस्से टाकतात आणि मी खाली "काहीही!" लिहून मोकळा होतो. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातलं अंगात येणं, उतारा, गंडेदोरे सगळं बंद झालं. त्यात माझा धंदा ऑटो इलेक्ट्रिशियनचा, आर्णीत. करंट एक तर असतो, नाहीतर नसतो... मधलं काही नाही. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. मुलगी म्हणाली, "बाबा, लोकांना हसता ना, मग तुमचंही टाका की." टाकतो. हसा खुशाल.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव असा पडलेला की वेचणीही परवडेना. तांड्यावरची निम्मी घरं दसरा झाला की वीटभट्टीच्या ट्रकमध्ये बसून निघून जायची, ती थेट उन्हाळ्यात परत. आणि लोडशेडिंग! खेड्यात दिवसा लाईन हा विषयच नव्हता. हे लोडशेडिंग जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तेव्हा एका ट्रस्टची जुनी परदेशी गाडी आमच्या भागात फिरायची. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. आत पलंग, ओटा, आणि ओट्याखाली बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज. फार वर्षांपूर्वी एक परदेशी नर्सबाई ती चालवत इकडे आली आणि इथलीच झाली. त्या फ्रीजमध्ये लसी ठेवून बाई तांडोतांडी हिंडायची. बाई वारली, गाडी ट्रस्टकडे गेली. खिडक्यांना आरसे जडवलेले बंजारा पडदे होते, ते मात्र कोणी काढले नाहीत.

एका सकाळी त्या गाडीचा ड्रायव्हर शेषराव मोटारसायकलवर दुकानात हजर. घामानं निथळत होता.

"मिस्त्री, चाला लवकर. फ्रीज बंद पडला ना बाप्पा!"

"दुपारून येतो."

"दुपारून येऊन काय करता? भट्टीचा ट्रक येऊन उभा हाये. लोकं सामान भरून राह्यले. लेकराइले सुया टोचाच्या हायेत अजून!"

गेलो. आर्णीपासून आत, रस्ता म्हणजे नुसते गोटे. तांड्याच्या तोंडाशी कडुलिंबाखाली घरगाडी उभी, मागे ट्रक. बायका लेकरं कडेवर घेऊन ओळीत. दारातच धुरपतायाडी बसली होती. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सगळा तांडा म्हातारीला तेच म्हणायचा. ते पडदे तिनंच शिवलेले, बाईसोबत तिनं खूप वर्षं काम केलं होतं. तिच्या मांडीवर वर्षाची नात, शेवंता. आदल्या साली भट्टीवर गोवराची साथ आली आणि शेवंताचा थोरला भाऊ तिथंच गेला. म्हातारीनं मला एवढंच विचारलं, "होईन ना रे भाऊ?"

मी म्हटलं, होईन. असं म्हणायची आपली सवयच असते.

आत ट्रस्टच्या नर्स मीनासिस्टर थर्मामीटर हातात धरून बसलेल्या. सोबतच्या डब्यातला बर्फ कालच वितळला होता. "दादा, काटा चढतोय," त्या म्हणाल्या. "आठ डिग्रीच्या वर गेला तर मी एकही सुई टोचणार नाही. कोणी पाया पडलं तरी नाही." त्यांनी गोवराच्या लशीची एक बाटली काढून दाखवली. लेबलवर गोल, गोलाच्या आत पांढरा चौकोन. लस तापली की तो चौकोन काळवंडतो आणि परत कधी पांढरा होत नाही.

मी कामाला लागलो. बल्बवाल्या टेस्टरची एक पिन थेट बॅटरीच्या अर्थला लावली, दुसरीनं फ्रीजजवळ सप्लाय पाहिला: बल्ब लख्ख. फ्यूज चांगला. स्विच चांगला. थर्मोस्टॅट बायपास केला, तरी फ्रीज ढिम्म. डोकं आउट झालं राव! तिकडे ट्रकवाला हॉर्न मारतोय, इकडे शेषराव कानाशी "काय झालं? काय झालं?" मी त्याला हाकलून लावला. मागचं पॅनल खोलायचं होतं, उगाच ठिणगी नको म्हणून फ्रीजची बॅटरी सोडवली, पूर्ण बाहेर काढली आणि कडुलिंबाखाली याडीजवळ नेऊन ठेवली. कोणीतरी चहा दिला. चहा घेता घेता म्हटलं, आता डबल बघू सगळं.

तेवढ्यात आतून सिस्टरांचा आवाज, "झालं हो दादा! चालू झाला!"

"काय चालू झालं?"

"फ्रीज!"

मला वाटलं सिस्टरांना ऊन लागलं. आत गेलो. फ्रीज चालू होता. घुर्रर्र... बारीक, एकसारखा. दार उघडलं तर आतला दिवा पेटलेला. हात ठेवला तर पत्रा थरथरत होता. मी खिडकीचा पडदा बाजूला केला. बॅटरी तिथंच. कडुलिंबाखाली. दोन्ही टर्मिनल उघडी, आणि त्यावर एक कोंबडी चढायला पाहत होती.

खोटं कशाला सांगू, मी भ्यालो.

तरी सगळं तपासलं. गाडीचं इंजिन बंद, आणि त्याच्या बॅटरीची वायर फ्रीजकडे येतच नव्हती. तांड्यात लाईन नाही. जनरेटर नाही. सोलर तेव्हा कुठं होतं? टेस्टर लावला तर फ्रीजला येणाऱ्या वायरीत काहीच नाही. बल्ब काळा. आणि फ्रीज चालू! काटा खाली येत होता. सिस्टरांनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली, सगळे चौकोन पांढरे. त्यांना बॅटरीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी पहिलं लेकरू आत बोलावलं.

हे मधेच थांबलं तर? या भीतीनंच मी गाडीखाली शिरलो. पाठीवर सरपटत गेलो आणि समोरच दिसलं: अख्खी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, नवी कोरी, लालभडक.

"शेषराव! हा रंग कोणं मारला बे?"

"म्याच. दसऱ्याले पूजा नाई का गाडीची? जंग दिसून राह्यला होता. एकेक बोल्ट खोलला, घासला, दोन हात मारले अन् परत कसला."

"अर्थिंगचा बोल्टही?"

"सगळेच ना! एकच काहून सोडू?"

घ्या! गडी रंगावरच वायरचं टोक कसून बसला होता. अर्थिंग म्हणजे करंटची परतीची वाट, आणि ती वायर लोखंडाला नीट टेकतच नव्हती. आणि मी शहाणा, पिन थेट बॅटरीवर लावून फक्त येणारा करंट बघत बसलो होतो. आता हा फ्रीज दसऱ्यापासून कालपर्यंत कसा चालला म्हणाल, तर बोल्टच्या आट्यांमधून थोडंफार टेकत असेल, रस्त्याच्या धक्क्यांनी तेही गेलं असेल. ते मी समजू शकतो. बाकीचं नाही.

रंग खरवडला, लोखंड पांढरं केलं, वायर कसली. वर फ्रीज चालूच होता, मला खालून ऐकू येत होता. बाहेर येऊन बॅटरी उचलली, जागेवर बसवली. क्लॅम्प टेकवला तशी छोटी ठिणगी उडाली आणि फ्रीज थांबला. एक श्वास. मग परत सुरू झाला, पण आवाज वेगळा. जाडा, खडखडीत, नेहमीच्या कॉम्प्रेसरचा. विहिरीवर एकीच्या डोक्यावरचा हंडा दुसरी घेते ना, अगदी तसं झालं.

मागे याडी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं, बॅटरी तर तिच्या पायाशीच होती.

"बाई होती," ती म्हणाली. "धरून होती तुह्यासाठी. आता तुह्या हातात देलं तिनं, सांभाळ."

"याडी, मी असलं काही मानत नाही."

"नको मानू. तुले कोण म्हणते मान म्हणून? सांभाळ म्हणलं." आणि हसली म्हातारी. मग शेवंताला घेऊन आत गेली. सुई टोचल्यावर पोरीनं असा टाहो फोडला की ट्रकवाल्यानं हॉर्न मारणं थांबवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते का, विचारू नका.

ट्रक गेला. ती घरगाडी जोवर फिरली, तोवर तिची वायरिंग मीच पाहिली. दर दसऱ्याला शेषरावच्या आधी जाऊन त्या बोल्टवर ग्रीस लावायचो.

पुढच्या उन्हाळ्यात भरदुपारी याडी दुकानात आली. सोबत शेवंता, विटांच्या धुळीनं केस लाल झालेले, पण स्वतःच्या पायांनी चालत. त्या साली भट्टीवर गोवर परत आला होता. "बाजूच्या झोपडीतले दोन लेकरं झोपले होते तापानं," याडी म्हणाली. "ही नाई झोपली." पोरीनं माझ्या टेबलावरचा टेस्टर उचलला आणि तोंडात घातला. मी ओरडलो, ती हसली.

मी अजूनही भूत मानत नाही. बाई वगैरे काही नसतं, हे मी आजही भांडून सांगेन. पण बॅटरी कडुलिंबाखाली होती. मी स्वतः ठेवली होती. आणि तेव्हापासून कोणाचाही फ्रीज दुरुस्त केला की निघताना त्याच्या दारावर हात ठेवून थोडं थांबतो. कायले, ते मलेही माहीत नाही.