उण्याकडे दोन घरं

शाळा मी चौथीत सोडली. शाळेनं मला काढलं नाही, मीच सोडली. हे सांगतोय एवढ्यासाठी, की कॅमेऱ्यावरची इंग्रजी अक्षरं मला कुणी वाचून दाखवली नाहीत आणि मीही कुणाच्या दारात विचारायला गेलो नाही. मुलानं ते यंत्र कंपनीच्या सहलीसाठी घेतलं होतं. पुढं फोनमध्येच फोटो निघायला लागले तसं ते कपाटात लोकरीच्या टोप्यांखाली जाऊन पडलं. एकदा मी ते बाहेर काढलं, तर मुलगा म्हणाला, "आबा, त्याला आता कोण विचारतं? पोरांना खेळायला द्यायच्या लायकीचं आहे ते."

"मग मला दे," म्हटलं. "मी खेळतो."

मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, बांधाला थोडा गुलाब. यंत्राच्या चाकावर बारीक चित्रं होती. डोंगर, पळणारा माणूस, चांदणी आणि एक फूल. जन्म फुलात गेलेल्या माणसाला आणखी काय सांगायला पाहिजे? चाक फुलावर नेलं आणि वाफ्यात उकिडवा बसलो. म्हातारी बांधावरून म्हणाली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यासमोर असे कधी वाकला नाहीत."

"तू हलतेस," मी म्हणालो. "झेंडू हलत नाय."

पण झेंडू लय लबाड. डोळ्याला दिसतो तसा फोटोत येईना. नुसता भगवा गोळा यायचा, पेटल्यासारखा, पाकळीचा पत्ता नाही. मुलाला दाखवलं तर म्हणाला, यंत्र जुनं झालं. यंत्र जुनं झालं म्हणणं सोपं असतं, माणसालाही म्हणतात. मी बटणं दाबत राहिलो. मागच्या अंगाला एक अधिक-उण्याचं बटण सापडलं. ते उण्याकडे दोन घरं सरकवायचं, ऊन चढायच्या आत फोटो काढायचा, की पाकळी न् पाकळी वेगळी आणि रंग तोडलेल्या फुलाचा असतो तोच. हे मला कुठल्याही शिकलेल्यानं सांगितलेलं नाही.

त्याचा उपयोगही झाला. व्यापारी आजकाल माल बघायला येत नाहीत, फोटो मागतात. नात कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावायची आणि माझे फोटो मुंबईच्या व्यापाऱ्याला फोनवर पाठवायची. बाकीचे लोक फोटो चकाकवून पाठवत. मग तिकडं क्रेट उघडलं की निराळाच माल, आणि भाव पाडला म्हणून व्यापाऱ्याच्या नावानं खडे फोडायचे. आमच्या मालाला तो व्यापारी म्हणायचा, "बाबांचा फोटो म्हणजे हातात घेतलेलं फूल." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला ह्याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठलं कॉलेज देणार होतं?

ही नात रंगानं माझ्यावर गेलेली. आमच्याकडं हा रंग माझ्या आज्यापासून आहे. शेतातल्या ओल्या मातीचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. लग्नाचं बघायला लागले तशी सूनबाई म्हणाली, बायोडाट्याला फोटो स्टुडिओत काढू. मी म्हणालो, घरात फोटो काढणारा असताना स्टुडिओ कशाला?

सकाळी तिला शेवंतीत उभी केली. कॅमेऱ्याची एक खोड असते. सावळा चेहरा समोर आला की त्याला वाटतं उजेड कमी पडला. मग तो आपल्या मनानं चेहरा उजळतो आणि माणूस राख फासल्यासारखा दिसतो. मी उण्याकडे दोन घरं सरकवलं. फोटो असा आला की बस्स. डोळे तिचे, गालावरचा तीळ तिचा, रंग आमच्या घराचा. तिला दाखवला. तिनं बराच वेळ बघितला. मला वाटलं, आवडला.

काही महिन्यांनी मनमाडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा असे चौघं आले. पोहे झाले, मळा झाला, द्राक्षाचा भाव झाला. नात चहाचा ट्रे घेऊन आली, बसली. मामांनी खिशातून फोन काढला, फोनकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"फोटोत जरा निराळं दिसतं," मामा हसत म्हणाले. "चालायचंच. आजकाल सगळीकडं तसंच."

माझा मुलगाही हसला आणि म्हणाला, "फोटो आमच्या आबांनीच काढलाय बरं का. ह्या वयात नाद आहे त्यांना."

मी म्हणालो, "बघू."

मामांनी फोन माझ्या हातात दिला. फोटो माझाच होता. तीच शेवंती, तीच ओढणी. पण पोर दुधात बुडवून काढलेली. गालावरचा तीळ गेलेला. मागची पिवळी शेवंतीसुद्धा पांढरीफटक पडलेली. हे माझं काम म्हणून चार लोकांत सांगितलं जात होतं.

"हा मी काढलेला नाही," मी म्हणालो.

"आबा, बसा," मुलगा म्हणाला.

मी बसलो नाही. आत गेलो, फडताळातून कॅमेरा आणला, फोटो शोधला आणि मामांच्या पुढं धरला. "हा मी काढलेला. आमची पोर अशी आहे. मी माल दाखवतो तोच देतो. आता सांगा काय ते."

मामांनी कॅमेऱ्यात बघितलं नाही. ते मुलाच्या आईकडं बघत होते. आईनं पदर सावरला. नवरा मुलगा खाली मान घालून बशीतल्या उरलेल्या पोह्यांत चमचा फिरवत होता. नातीनं तेवढ्यात ट्रे उचलला आणि ती आत गेली. चहा कुणी प्यालं नाही. "कळवतो" म्हणाले आणि गाडीत बसले. ते कळवणार नाहीत हे अंगणातल्या कुत्र्यालाही समजलं असेल.

माझा मुलगा माझ्यावर धावून आलाच. मी त्याला म्हणालो, "फोटोला रंग फासायला तुला कुणी सांगितलं होतं? बापाच्या नावावर खोटा माल खपवतोस?"

"त्यांनी नाही," नात दारात उभी राहून म्हणाली. "मी करून घेतला. द्वारका चौकाजवळच्या दुकानातून."

मी म्हणालो, "का? मी वाईट काढला होता?"

"तुमचा फोटो आधी पाठवला होता आबा. किती घरांत पाठवला ते आईला विचारा. एकानंही फोन केला नाही." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं पडलं असतं. "ह्या मुलाशी मी दोन महिने बोलत होते. व्हिडिओवर रोज बघत होता तो मला. मी कशी दिसते ते त्याला ठाऊक होतं. फोटो त्याच्या घरच्यांसाठी होता. मामाही म्हणाले, चालायचंच. सगळे चालवून घेत होते."

"खोटं चालवून घेत होते."

"हो. मग? तुम्ही चारचौघांत दाखवून दिल्यावर त्यांना उठावंच लागलं. मी काय झेंडूचं क्रेट आहे का?"

ह्याला उत्तर होतं माझ्याकडं, आजही आहे. जे घर पोरीचा रंग चोरून आत घेतं, ते घर उद्या तिला त्याच रंगावरून टोमणे मारणार. हे मी तेव्हा म्हणालोही. ती म्हणाली, "ते मी बघितलं असतं. माझं मी." आणि आत जाऊन तिनं कडी लावली. म्हातारी पोह्यांच्या बश्या उचलायला लागली.

त्यानंतर घरात मला कुणी शिवी दिली नाही, पण विचारणंही बंद झालं. व्यापाऱ्याला फोटो सूनबाई आपल्या फोनवरून पाठवायला लागली. ती काढते तो झेंडू मला झेंडू वाटत नाही, पण माल जातोय म्हणतात. लासलगावचं स्थळ आलं तेव्हा कोणता फोटो दिला, मला माहीत नाही. पाहुणे यायच्या दिवशी मला माल घेऊन गणेशवाडीच्या बाजारात धाडलं. मी परत आलो तर सुपारी फुटलेली. माणसं बरी आहेत, मुलगा मार्केट यार्डात कामाला आहे, पोरीचं चांगलं चाललंय. माझ्यावाचून झालं म्हणून चांगलं झालं, असं कुणी तोंडावर म्हणत नाही, एवढीच माझी इज्जत राहिली.

लग्नात फोटो काढणारी फौज होती. आकाशातून भुणभुण करत एक यंत्रही फिरत होतं. मी माझा कॅमेरा धोतरावरच्या कोटात ठेवला होता, तो काढलाच नाही. कुणी काढा म्हणालं नाही. अल्बम आला तेव्हा बघितला. सगळं वऱ्हाड एका रंगाचं, चुन्याचा हात मारल्यासारखं. एका पानावर मीही होतो. टोपीमुळं ओळखलं.

गेल्या दिवाळीला नात आणि जावई आले. निघायच्या वेळी जावयानं फोन लांब धरला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मी पडवीत दोरी वळत होतो. नातीनं हाक मारली, "आबा, या ना. तुमच्यासाठी थांबलोय."

"काढा तुम्ही," मी म्हणालो.

"या हो. एकच."

मी दोरीचा पीळ सोडला नाही. थोडा वेळ ती सगळी तशीच उभी राहिली. मग जावई म्हणाला, "चला, उशीर होतोय." त्यानं फोटो काढला आणि ती गेली.

संध्याकाळी म्हातारीच्या फोनवर तो फोटो आला. तिनं आणून माझ्या डोळ्यांपुढं धरला. मुलगा, सूनबाई, जावई, म्हातारी, सगळे समोर बघून हसतायत. एकट्या नातीचं तोंड वळलेलं, पडवीकडं. गालावरचा तीळ दिसतोय. घाईत काढला म्हणून असेल, रंगही कुणी पुसलेला नव्हता.

"बघा तरी नीट," म्हातारी म्हणाली.

मी बघितला होता. म्हणालो, "उजेड मागून आलाय. पुसून टाक."