बरा होईपर्यंत भाकरी नाही

त्या वर्षांत माझ्या पोटाबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. बेंगळुरातल्या पीण्या भागातल्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर काम करणारा मित्र सकाळ-संध्याकाळ सांगायचा, ‘अण्णा, दिना मज्जिगे कुडीरी,’ रोज ताक पीत जा. मालकांच्या मते तो गॅस होता. बसवनगुडीत आम्ही भाड्यानं राहायचो, तिथले घरमालक म्हणायचे, पोट नाही, डोकं बिघडलंय, कारखान्याचं टेन्शन घेऊ नका. पोट दुखतं म्हटलं की समोरचा माणूस लगेच वैद्य होतो. शेवटी मी कुणाला काही सांगायचंच बंद केलं.

दुखणं खरं काय ते एक्स-रेत कळलं. बेंबीच्या खाली डाव्या बाजूला कळा येऊन ताप भरला म्हणून मला दवाखान्यात ठेवलं होतं. सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी बेरियमचं औषध देऊन फोटो काढले. मोठ्या आतड्याच्या भिंतीला द्राक्षांएवढ्या बारीक पिशव्या आल्या होत्या आणि त्यातली एक सुजली होती. डॉक्टरांनी सांगितलं, थोडे दिवस पातळ, मग मऊ, आणि मग हळूहळू चोथा असलेलं जेवण. पुन्हापुन्हा सूज आली तर आतड्याचा तेवढा तुकडा कापावा लागेल, आणि मग काही महिने पोटाला बाहेरून पिशवी लावून वावरावं लागेल. ती पिशवी लावून बसमध्ये उभा राहिलेला मी मला दिसू लागलो. मी घाबरलो होतो, अगदी साफ घाबरलो होतो.

घरात बायको होती आणि आई होती. वडील गेल्यावर आई बेळगावकडचं गाव सोडून आमच्याकडे आली होती आणि स्वयंपाकघर तिनं पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यातलं ‘पातळ’ आणि ‘मऊ’ एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. पुढचं वाक्य दवाखान्यातच राहिलं. पातळ पेज झाली, मग मऊ भात, तूप, मीठ, पिवळं वरण. महिना गेला, दुसरा गेला, भात काही हलेना. बायकोनं एकदा मेथीची भाजी केली तर आईनं ती वाटी माझ्या पुढून उचलून बायकोच्याच पुढे ठेवली. आमच्यात पथ्य म्हणजे काय खायचं हे नव्हेच, काय सोडायचं हेच. जितकं जास्त सोडाल तितके तुम्ही शहाणे. आई शेजारच्या अक्कांना कौतुकानं सांगायची, ‘एक दिवस पथ्य मोडलं नाही की हो पोरानं.’

आणि पथ्य न मोडणारं पोर संडासात घामाघूम होऊन बसलेलं असायचं. कारखान्यात सगळ्यांना मिळून एकच संडास, बाहेरून कुणी ना कुणी कडी वाजवणार. व्हायचं तेच झालं. पोट पुन्हा दुखलं, पुन्हा ताप, पुन्हा दवाखान्यातल्या त्या कडू गोळ्या.

डॉक्टर या वेळी चिडले. रोज काय खाता, विचारलं. मी भाताची कर्मकहाणी सांगितली. गाव कुठलं, विचारलं. बेळगावकडचा म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हातच लावला. ‘जोळद रोट्टी बिट्टु अन्न तिंतीरा?’ ज्वारीची भाकरी सोडून भात खाताय? भाकरी खा, पालेभाजी खा, पाणी प्या, आणि परत असं करून माझ्याकडे येऊ नका, म्हणाले.

सूज उतरली, खाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा मी जवळजवळ नाचतच ज्वारी दळून आणली. बेंगळुरातली गिरणी ती, आधी कुणाची तरी नाचणी दळलेली, त्यामुळे पीठ जरा काळपटच निघालं. आईनं परात घेतली. कितीतरी दिवसांनी घरात भाकरी थापल्याचा आवाज आला. पहिली भाकरी टम्म फुगून माझ्या ताटात पडली. मग आई जेवायला बसली, आणि तिच्या ताटात भात.

‘तू?’ मी विचारलं.

‘मी सोडलीय.’

‘कधी?’

‘तू दवाखान्यात पडलावतास तेव्हा. तू बरा होईपर्यंत भाकरी नाही, म्हणून बोललेय देवाला.’

हे मला इतके दिवस कसं दिसलं नव्हतं? माझ्यामुळे घरात भाकरीच होत नव्हती, मग कुणी सोडलीय हे कळणार कसं! जन्मभर भाकरीवर वाढलेली बाई. भात म्हणजे तिच्या लेखी पाहुण्यांचं खाणं. ‘भातानं पोट फुगतंय, भरत नाही,’ असं आल्या आल्या बेंगळुरू शहरालाच सुनावणारी. आता जेवण होऊन तास झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत उभी राहायची. तिची पोलकी खांद्यावरून उतरायला लागली होती. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं मी बायकोजवळ बडबडलो. ती म्हणाली, ‘मला नका सांगू, त्यांना सांगा.’

सांगितलं. भाकरीनं माझं पोट ताळ्यावर आलं, सकाळचं गाडं रुळावर आलं, कळ येईनाशी झाली. एका दुपारी मी जाहीर केलं, ‘आई, मी बरा झालो. आता खा.’

‘डॉक्टर म्हणाले?’

नव्हते म्हणाले. म्हणून पुढच्या खेपेला तिला बरोबर घेऊन गेलो. मनात म्हटलं, पोट दाबून बघतील, ‘सरी’, ठीक आहे, म्हणतील, संपला विषय. पण आईनं मला बोलूच दिलं नाही. तिच्या गावाकडच्या कन्नडात तिनं थेट विचारलं, ‘इवंग पूर्ती आराम आतेनरी?’ याला पूर्ण बरं वाटलं का? आणि तो सज्जन माणूस खरं बोलला. म्हणाला, अम्मा, सूज नाही, पण पिशव्या आहेत तशाच राहणार, त्या जात नाहीत, जन्मभर सांभाळायचं. वर त्यांनी माझा जुना एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावून तिला दाखवला. आईनं चष्मा पुसला आणि एकेक पिशवी नीट बघून घेतली. खरं बोलणाऱ्या डॉक्टरांचं लोक कौतुक करतात. मला त्या दिवशी एखादा चांगला थापाड्या हवा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझ्यापुढे भाकरी आणि लाल माठाची भाजी आली, तिच्यापुढे भात. मी ताट सरकवलं.

‘तू खाल्लीस तरच मी खाणार.’

‘तू नाही खाल्लास की परत दुखणार,’ ती शांतपणे म्हणाली. ‘परत दुखलं की मी खायची कधी?’

मी भडकलोच. ‘अगं, पण ते जाणारच नाही! बघितलंस ना काल? या पिशव्या घेऊनच मी मरणार आहे. मग काय, मी मरेपर्यंत तू भाकरी खाणार नाहीस?’

बायको हातातलं काम टाकून दारात आली. आईला राग आला नाही. ती भातावर आमटी घेत होती.

‘मी आधी जाणार की रे,’ ती म्हणाली. ‘मला कुठं तेवढं दिवस काढायचंय. खा, गार होतीय.’

मी ताट पुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा सावकाश चावत राहिलो.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तव्यावर दुसरी भाकरी होती, ती उलटायला उठता उठता तिनं विचारलं, ‘कशी झालीय? पीठ जुनं झालंय, कडवट लागत नाही न्हवं? मला काय कळणार, तूच सांग.’