मूळ नक्षत्राची सून

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. म्हणजे काय, हे मला बरीच वर्षं कुणी सांगितलं नाही. चकलांब्याला आमच्या घरी दिवाळी जवळ आली की वडील आत्याला आणायला तिच्या सासरी जायचे. मग आई म्हणायची, "तुझे दादा मुळाला गेलेत." सासरी नांदणाऱ्या लेकीला न्यायला माहेरचं जे माणूस येतं ते मूळ. त्यामुळं मला वाटायचं, मी जन्मले त्या दिवशी आईला न्यायला कुणीतरी आलं असणार. चांगला दिवस असणार.

नववीत असताना आत्यानंच हे चित्र मोडलं. माझी वेणी घालता घालता ती म्हणाली, "न्यायला येतं ते मूळ न्हवं गं. तुझं आभाळातलं. मुळावरच्या पोरीच्या पायानं सासरा जातो."

मी विचारलं, "कुठं जातो?"

तिनं वेणी ओढून गाठ मारली आणि उठून गेली.

लग्नाचं बघायला लागले तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ नीट कळला. वडिलांचे एक चुलतभाऊ गेवराईला असत, स्थळं तेच आणायचे. शिक्षण, शेती हे सगळं मागाहून. त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, मुलाचा बाप हयात आहे का? असेल तर त्या घरचं नाव पुढं निघायचं नाही. एकदा दुपारी ते आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "पोरगा मास्तर हाय. बागायत हाय. बाप औंदाच गेला."

आई भाकरी थापत होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली.

म्हणाली आणि थांबली. पिठाचा हात तिनं तोंडावर दाबून धरला. मी शेजारीच मेथी निवडत होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. कुणीतरी माणूस मेला होता, त्याच्या घरात रडारड झाली असेल, आणि इथं माझ्यामुळं माझ्या आईच्या तोंडून असं निघालं होतं. ते स्थळ जमलं नाही. जमलं असतं तर मला त्या घरात मान वर करून फिरता आलं नसतं.

पुढं कड्याचं स्थळ आलं ते अचानक, एका लग्नात ओळख निघाली म्हणून. सासू वारलेली, मुलगा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, सासरे कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. म्हणजे हयात. वडील नकोच म्हणत होते, पण ती माणसं घरी आलीच. सासरे माझ्यासमोर मांडी घालून बसले. किती शिकलीस, भाकरी येते का, असलं काही विचारलं नाही. "मोसंबी आवडती का गं पोरी?" एवढंच विचारलं, आणि पिशवीतून मोसंबी काढून दिली.

वडिलांनी कसंबसं विचारलं, "पत्रिका बघायची का?"

"पत्रिका कावून बघायची? पोरगी समोर बसलीय की," सासरे म्हणाले.

सगळे हसले. वडीलही हसले, आणि गप्प बसले. पाहुणे गेल्यावर ते अंगणात उभे राहून बोलले, "आपन खोटं काय बोललो न्हाई." ते कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही. मीही गप्पच होते. मला ते घर आवडलं होतं.

लग्न होऊन कड्याला आले आणि मी सासऱ्यांचा खोकला ऐकायला लागले. मला ह्या गोष्टीवर विश्वास होता का? विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, बारावी सायन्स झालेली होते. पण मामा, म्हणजे सासरे, दुपारी झोपले की त्यांचा श्वास चाललाय का, हे मी दारात उभी राहून बघायची. त्यांच्या गोळ्या माझ्या हातानं द्यायची. शिंक आली की काढा. पावसात बाहेर निघाले की छत्री घेऊन मागं. नवरा टँकरवर, दोन-दोन दिवस घरी नसायचा, तेव्हा तर मी मामांना डोळ्याआड होऊ द्यायची नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "पोटची लेक करनार न्हाई एवढं करती." मामा त्यावर कौतुकानं मान हलवायचे. मी काहीतरी निमित्त काढून आत जायची. त्या कौतुकानं माझे कान तापायचे.

मुलगी वर्षाची असेल तेव्हा एका दुपारी मामांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याची जीप काढून नगरला निघालो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, कपाळ घामानं भिजलेलं. आता हे जाणार आणि माझ्यामुळं जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तोंडातून निघून गेलं, "मामा, माझं मूळ आहे हो. मूळ आहे."

त्यांनी डोळे किलकिले केले. "कोन आलंय न्यायाला?" ते म्हणाले. "जा की मग. मला कावून इचारती?"

जीप चालवणारा शेजारी हसला. मला रडू फुटलं.

मामा वाचले. पाचव्या दिवशी दवाखान्यात उठून बसले, मी भरवलेला भात खाल्ला आणि म्हणाले, "जीपमधी मूळ-मूळ काय करत व्हतीस?"

मी सगळं सांगितलं. आत्याचं बोलणं, गेवराईच्या काकांचा प्रश्न, पत्रिकेच्या वेळी वडिलांचं गप्प बसणं, माझं गप्प बसणं. मला वाटलं ते रागावतील, नाहीतर असल्या खुळ्या समजुतीला हसतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हनून करत व्हतीस व्हय माझं एवढं?"

नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर ते निम्मं खरं झालं असतं, पण तेवढंही माझ्या तोंडातून फुटलं नाही. मी भाताचं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

घरी आल्यावर ते गोळ्या स्वतःच घ्यायला लागले. मी काही घेऊन गेले की म्हणायचे, "ठेव तिथं." वाईट कधी बोलले नाहीत. गल्लीतल्या बायका पुन्हा कौतुक करायच्या, तेव्हा मात्र मान हलवायचे नाहीत.

असे किती महिने गेले कोण जाणे. एकदा त्यांना सर्दी झाली होती. मी सकाळी बाजारात गेले, मग मुलीला डोस पाजायला नेलं, मग दळण, आणि मामांना बरं नाही हे संध्याकाळी दिवा लावताना आठवलं. दिवसभर मी विचारलंच नव्हतं. भीती गेली म्हणून हलकं वाटायला हवं होतं, पण मला शरमल्यासारखं झालं. भीती गेल्यावर एवढंच उरलं का माझ्याकडं? मी धावत बाहेरच्या खोलीत गेले.

"मामा, सर्दी कशी हाय?"

"आता आठवलं व्हय?" ते म्हणाले आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले. "बस. चा टाक दोघांला."

परवाच मुलीला शाळेतून काम आलं होतं, आकाशातल्या नावांचे अर्थ लिहून आणा. ती वही घेऊन मामांच्या कॉटवर बसली आणि मोबाइलवर बघून मोठ्यानं वाचत होती. ग्रह म्हणजे धरणारा. धूमकेतू म्हणजे धुराचा झेंडा. रोहिणी तांबडी, आर्द्रा ओली. हस्त म्हणजे हात, पाच चांदण्यांची पाच बोटं. ज्येष्ठा थोरली. मूळ म्हणजे मुळी.

"आजोबा, तुमचं कोणतं?"

"म्हाईत न्हाई. आई म्हनायची, ज्वारीची काढनी चालू व्हती."

"आई, तुझं?"

मामा माझ्याकडं बघत होते. त्यांनी सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी "मूळ" म्हणाले. आवाज नीट निघाला नाही, म्हणून तिनं पुन्हा विचारलं, आणि मला पुन्हा सांगावं लागलं.