थंडोबांची बंद खिडकी

थंडोबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना डोकं नव्हतं. आमच्या कूलरच्या पोटातून दोन पाय आणि घामेजलेली पाठ तेवढी बाहेर होती, आणि आतून गुहेतल्या अस्वलासारखा आवाज आला, "खिडकी कुठल्या शहाण्याने लावली?" शहाणा मीच होतो. इतक्या स्पष्टपणे मला सासऱ्यांनीही कधी ओळखलं नव्हतं.

कूलर दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना त्यांचा एकच मंत्र: जितकी हवा आत येते तितकी बाहेर जायला वाट ठेवा, नाहीतर खोलीचं वाफेचं पातेलं होतं. स्वतः मात्र पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली झोपत. बायको गेल्यापासून घरात आवाज असा त्या पंख्याचाच, आणि त्यालाही सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

मुलगी दूर समुद्रकाठी राहायची, तिला छकुली नावाची लहान लेक. "बाबा, तुमच्या खोलीत छकुली भाजून निघेल," म्हणत दर उन्हाळ्यात येणं टाळायची. त्या वर्षी थंडोबांनी जुन्या भागांतून कपाटाएवढा कूलर बांधला. त्याचा फोटो पाहून मुलगी म्हणाली, "बरं, येते."

आणि नेमकी उष्णतेची लाट आली. जमिनीत ओल असती तर ऊन ती वाळवण्यात जरा गुंतलं असतं. आमच्याकडे पाऊसच बेताचा, त्यामुळे उन्हाला हवा तापवण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. त्यात वरची हवा खाली उतरून झाकणासारखी बसलेली. ढगाचा पत्ता नाही. भिंती रात्रीसुद्धा निवत नव्हत्या.

"कधी हटणार हो हे?" मी थंडोबांना विचारलं.

"न बोलावता आलेला पाहुणा आहे, राव. तो कशाला लवकर हलतोय? माझे बोलावलेले टिकले म्हणजे मिळवली."

लेक आणि नात आल्या. खिडकीतून गरम झळ येऊन छकुली कुरकुरली मात्र, आणि जन्मभर लोकांच्या खिडक्या उघडायला लावणाऱ्या माणसाने आपली एकुलती एक खिडकी घट्ट लावून घेतली. दाराच्या फटीतही चादर कोंबली. कूलर रात्रभर इमानाने पाणी उडवत राहिला. सकाळी उशा दमट, श्वास जड, आणि छकुलीच्या अंगभर घामोळं.

"बाबा, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं!"

"कळतं गं. पण तिच्या तोंडावर झळ येत होती. बघवेना."

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने दोघी परत गेल्या. त्यांना पोचवून थंडोबा आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि चालू कूलर उगाचच उघडून बराच वेळ आत डोकं घालून बसले. मग उठून आमची खिडकी आणखी थोडी उघडली.

पुढच्या उन्हाळ्यात लेकीने एसी पाठवला. ती आली नाही. त्या खोलीतली वायरिंग एसीचा भार पेलत नाही, त्यामुळे तो अजून खोक्यातच आहे.