खड्यांतले जंत

काचेला नाक लावल्याशिवाय ते दिसत नसत. टाकीच्या तळाला, खड्यांच्या फटीत, शिवणीच्या पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे पडावेत तसे. मग त्यातला एखादा तुकडा वळवळायचा. एकदा दिसले, की टाकीत दुसरं काही दिसेचना.

टाकी लेकीची. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचे गोल्डफिश आमच्याकडं कराडला राहिले. टाकी घरात आली तेव्हा मीच तणतणलो होतो, "घर आहे का मासळीबाजार?" त्यामुळं ती गेल्यावर मी येताजाता माशांना चिमूट चिमूट खाणं टाकतो, हे कुणाला कळलेलं मला चालणार नव्हतं. दाढी करायच्या आधी एक चिमूट. ऑफिसातून आल्यावर बूट न काढताच एक. लेकीला फोन लावावासा वाटायचा, काय बोलायचं ते सुचायचं नाही, मग डबी उघडायची. मासे तोंडं उघडत काचेपाशी धावत यायचे. बरं वाटायचं.

बायकोनं व्हिडिओ कॉलवर लेकीला जंत दाखवले.

"घाबरू नका, ते माशांना काही करत नाहीत," लेक म्हणाली. "उरलेलं खाणं खड्यांत कुजतं, त्यावर वाढतात. पाइपानं खड्यांतली घाण ओढून काढा, थोडं पाणी बदला. पण एवढं खाणं टाकतंय कोण?"

मी म्हणालो, "आबा टाकत असतील."

कुणी माझ्यावर संशयही घेतला नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील. तिथंच खुर्चीत बसले होते. आई गेल्यावर आटपाडीकडच्या माळावरनं मीच त्यांना कराडला आणलेलं. सगळी उमर मेंढरांमागं गेलेली.

"मी?" आबा ताठ झाले. "आरं, मेंढरू उपाशी ऱ्हाऊन एवढ्यात मरत न्हाई. ज्वारीत घुसलं की पोट फुगून मरतंय. आन मी ज्यादा टाकीन व्हय?"

इथं मागं फिरता आलं असतं. मी म्हणालो, "सकाळी टाकलेलं दुपारी ध्यानात राहत नसंल, आबा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आसंल. टाकलं आसंल."

रविवारी आम्ही दोघांनी टाकी साफ करायला घेतली. पाइपाचं एक टोक खड्यांत खुपसून दुसरं मी तोंडानं ओढलं, तर घोटभर घाण पाणी थेट घशात. मी थू थू करत मोरीकडं पळालो.

"थांब, जबडा धरून जंताचं औषध पाजतो!" बादली धरून आबा हसत सुटले. "मेंढरांस्नी पाजायचो तसं!"

आणि हसता हसता थांबले. "आज म्या टाकलं का रं खायाला?"

"न्हाई, आबा."

"बघ हां. मला माजंच खरं वाटंना."

बायकोनं डबी कपाटावर ठेवली. तिथवर माझा हात सहज पोचतो. अर्धीच चिमूट, असं मी स्वतःला बजावायचो, आणि पुन्हा टाकायचो. काही दिवसांनी काच बघितली, तर खड्यांत परत वळवळ.

"डबी तर कपाटावर आहे!" बायको म्हणाली.

आबा स्वयंपाकघरातल्या स्टुलाकडं बघत होते. "मी स्टुलावर चढतो का काय?" ते म्हणाले. "आन मलाच कळत न्हाई?"

तिथून माणूस खचला. गोळी घेतली का, म्हणून दोनदोनदा विचारायचे. संगमाच्या घाटावर रोज जायचे, ते बंद झालं. म्हणे, वाट चुकलो तर? मला घरात एका जागी बसवेना. पेपर उघडायचा, मिटायचा, गॅलरीत जायचं, परत यायचं. ऑफिसात साहेब काहीतरी सांगायचे आणि मला आबांचं "आसंल" ऐकू यायचं. सांगायचं ठरवून त्यांच्या खुर्चीपाशी जायचो आणि पंखा वाढवून परत यायचो. शेवटी बायकोनंच मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. विसरभोळेपणा तपासतात म्हणे.

आबांना घेऊन रेल्वेनं मिरजेला गेलो. दवाखान्यात बाकावर बसलो, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "डॉक्टरला काय सांगायचं त्ये तूच सांग. माज्या सांगन्याचा काय भरवसा?"

"आबा, खाणं मी टाकत होतो," मी म्हणालो.

"कवा?"

"पहिल्यापासनं."

"आन कपाटावरची डबी?"

"ती पण मीच काढायचो."

आबा समोरच्या भिंतीवरचा दातांच्या डॉक्टरचा फलक वाचत असल्यासारखे बसले. त्यांना वाचता येत नाही.

"मी रातच्याला दाराला आतनं दोरी बांधून निजतोय," ते म्हणाले. "झोपंत उठून काय करू नये म्हनून."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "चला आबा, घरी जाऊ."

"का? तू म्हनलास म्हनून मी खुळा झालो. आता तू म्हनतोस म्हनून शाना हुऊ व्हय? आता डॉक्टरलाच इचारतो."

कंपाउंडरनं पुकारलं. मी उठलो, तसा आबांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला खाली बसवलं. "सोबत कोण आहे?" कंपाउंडरनं विचारलं.

"कोन न्हाई," म्हणून ते आत गेले.

बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"त्ये माज्यात आन डॉक्टरात."

एवढं बोलून ते रस्त्याला लागले. मी मागं. एके ठिकाणी ते भलत्याच गल्लीत वळले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. थोडं पुढं जाऊन त्यांनी पानवाल्याला विचारलं, "आवं, स्टेशन कुनीकडं?" आणि माझ्याकडं न बघता, माझ्या अंगावरूनच परत वळले.